मल्लाप्पाचा पुकारा

सोलापूरच्या कोर्टात मी कारकून म्हणून रुजू व्हायला गेलो त्या दिवशी, हुकमाचा कागद खिशात असूनही माझा आत जायचा धीर होईना. पहिलं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी बावीस वर्षांचा. व्हरांड्यात घोंगडी पांघरलेली माणसं, तोंडाशी पदर धरलेल्या बायका, काखेत कागदांची पुडकी मारलेले वकिलांचे कारकून, अशी सगळी गर्दी. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं परत फिरलो.

दाराशी पट्टेवाला उभा होता. उंच, काळासावळा, कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढऱ्या कोटावरून तिरका गेलेला लाल पट्टा आणि त्यावर चिंचेनं घासून लखलखीत केलेला पितळी बिल्ला. तिसऱ्या खेपेला त्यानं मला हातानंच थांबवलं.

"नाव?"

मी सांगितलं.

"बापाचं नाव? गाव?"

"अहो, मी पक्षकार नाही. नवीन कारकून आहे."

"ते कळलं की ओ. पक्षकार एवढा भीत न्हाय."

मग तो दाराकडे वळला. त्यानं पायातल्या वहाणा सारख्या केल्या, छाती भरून श्वास घेतला आणि माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव असं सगळं एका सुरात, पण एकेक अक्षर सुटं करून पुकारलं. आतल्या सगळ्या माना वर झाल्या. शिरस्तेदारांनी लेखणी खाली ठेवली. मागं फिरायची सोयच उरली नव्हती. मी आत गेलो.

मल्लाप्पाशी माझी ओळख झाली ती अशी.

तो मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. तरुणपणी तो एका फिरत्या नाटक मंडळीत होता. बारा वर्षं. नट म्हणून नव्हे. पडदा ओढायचा आणि राजाचा दरबार भरला की भाला घेऊन कडेला उभं राहायचं, एवढंच काम. त्या बारा वर्षांत त्याच्या वाट्याला वाक्य आलं एकच : "महाराज, द्वारी एक तपस्वी आले आहेत." नाटकं बदलली, राजे बदलले, तपस्व्याच्या जागी कधी दूत आला तर कधी म्हातारा ब्राह्मण आला. बाकी वाक्य तेच. पुढं मंडळी मोडली आणि मल्लाप्पा सोलापुरात येऊन कोर्टाच्या दाराशी उभा राहिला.

मी एकदा त्याला विचारलं, "मोठी भूमिका मिळाली नाही याचं वाईट नाही वाटत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "वाईट कशाला? राजा कितीबी मोठा असू द्या, मी सांगितल्याबिगर त्याच्याकडं कोन येत न्हवतं."

माणूस आत कसा येतो, यावर त्याचा फार भर. आत येणं नीट झालं की निम्मं काम झालं, असं तो म्हणे. नवशिके वकील घाईघाईनं आत घुसायचे, उंबऱ्याला ठेचकाळायचे आणि कागद सांडायचे. मल्लाप्पा ते कागद गोळा करून देताना हळूच सांगायचा, "साहेब, दारात उभं ऱ्हावा. दोन श्वास घ्या. मग चला. कोर्ट कुटं पळून जात न्हाय." त्यांतले दोघे-तिघे पुढं चांगले नावारूपाला आले आणि दारात दोन श्वास थांबायची त्यांची सवय कायम राहिली.

त्याचा पुकारा ऐकायला रिकामटेकडी माणसं मुद्दाम व्हरांड्यात येऊन बसत. बाहेरच्या टांगेवाल्यांना कोर्टात काय चाललंय ते त्याच्या आवाजावरून कळे. पण त्याची खरी गंमत आवाजात नव्हती. तो प्रत्येकाचं नाव सारख्याच इतमामानं घ्यायचा. इनामदार असो, नाहीतर बाजारात खिसा कापताना धरलेला उचल्या असो, तोच श्वास, तोच सूर. नवीन आलेल्या एका मॅजिस्ट्रेटसाहेबांना हे खटकलं. त्यांनी त्याला बोलावून विचारलं, "चोराला काय सरदारासारखं पुकारतोस?"

मल्लाप्पा हात जोडून म्हणाला, "साहेब, चोर हाय का न्हाय ते तुमी ठरवनार. माझ्याजवळ अजून नुसतं नाव हाय."

साहेबांनी पुढचा कागद उघडला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

घरीही त्याचं हेच. त्याची एकच खोली होती आणि मध्ये त्यानं पडदा लावला होता. नाटक मंडळीचा जुना, राजवाड्याचे खांब रंगवलेला, खालून उंदरांनी कुरतडलेला. पाहुणा आला की मल्लाप्पा तो पडदा दोरीनं हळूहळू वर घ्यायचा. पलीकडे चुलीपुढं बसलेली त्याची बायको नीलव्वा ज्वारीची भाकरी थापत असायची. ती ठेंगणी, नाकात मोठी नथनी, बोलण्यात कडक. मल्लाप्पा मला सांगायला लागला, "कुलकर्नीसाहेब, आता येनार शेंगाची चटनी…" की ती मान वर न करता म्हणायची, "साकु!" म्हणजे पुरे. त्याच्या भाषणाला लगाम घालणारं सगळ्या सोलापुरात ते एकच माणूस होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला तो न सांगता दाराशी उभा राहिला. पट्टा-बिल्ला नव्हता, पण फेटा कडक इस्त्रीचा. माझे काका आणि माझे सासरे यांच्यात माझ्या लग्नापासून अबोला होता. पंगतीत कुणाला आधी वाढलं एवढ्यावरून तो धरलेला. त्यामुळं एक येणार असला की दुसरा यायचा नाही. त्या दिवशी दोघेही चुकून एकाच वेळी गल्लीच्या दोन टोकांकडून आले. आता एक जण दारातूनच परत जाणार, बायको रडणार, बारशाचा विचका होणार, हे मला दिसायला लागलं.

मल्लाप्पानं मात्र दोघांनाही हात दाखवून थांबवलं. जणू आत काही तयारी चालली आहे. दोघं दाराच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. मग त्यानं आत तोंड करून दोघांची नावं एकाच दमात घेतली. मध्ये 'आणि' सुद्धा नाही. आत बायका-पुरुषांनी माना वळवल्या. कुणीतरी "या, या" म्हणालं. एवढ्या माणसांच्या देखत परत कसं फिरणार? दोघे खांद्याला खांदा लावून आत आले, कारण आमचं दारच तेवढं अरुंद. सतरंजीवर जागा उरली होती तीही शेजारशेजारची. पाळणा हलला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या. काकांनी सासऱ्यांच्या पुढं सुपारीचं तबक सरकवलं तेव्हा मी आत जाऊन उगीच दोन तांबे पाणी प्यायलो.

आता कोंडाबाईची गोष्ट सांगतो. मल्लाप्पा म्हटलं की मला आधी तीच आठवते.

कोंडाबाई ही माळशिरस तालुक्यातली धनगराची म्हातारी. तिचा एकुलता एक मुलगा सुभाना. त्यानं शेतात मेंढरं घातली आणि राखणदारानं हटकल्यावर त्याला काठीनं मारून त्याचा हात मोडला, असा त्याच्यावर खटला होता. सुभाना म्हणत होता की त्या दुपारी तो तिथं नव्हताच. मेंढरांच्या वाड्यावर मेंढी विताना अडली होती, तो तिच्यापाशी होता. आणि त्याच्याबरोबर होती फक्त त्याची आई.

म्हातारीला पिंजऱ्यात उभं केलं. तिनं वर बघितलं. उंचावर साहेब, डोक्यावर करकरणारा पंखा, खाली काळे कोट. साहेबांनी नाव विचारलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा विचारलं. तिनं पदर तोंडाशी धरला. फिर्यादीचे वकील दामूअण्णा यांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "बाई, खोटं बोलायला जीभ वळत नाही काय?" त्याबरोबर ती खालीच बसली. आरोपीच्या जागी उभा असलेला सुभाना ओरडला, "आई, बोल की गं!" शिपायानं त्याला गप्प केलं.

साहेब कडक होते, पण माणुसकीचे होते. ते म्हणाले, "मधल्या सुट्टीनंतर पुन्हा बोलवा. तेव्हाही बोलली नाही तर ही साक्ष मी संपली असं धरीन."

सुट्टीत सगळे बाहेर गेले. मी एकटा कोपऱ्यात नकला उतरत बसलो होतो. इतक्यात मल्लाप्पा म्हातारीला घेऊन आत आला. मी कोपऱ्यात आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

"आजी, हे बग. आधी एक सांगतो. खटल्यातलं एक अक्षर माझ्याजवळ बोलायचं न्हाय. बोललीस तर मी भायेर जानार. कळलं?"

"व्हय."

"ही खुर्ची. साहेब बसतात ती. आता काय दिसतंय तितं?"

"कायबी न्हाय."

"लाकूड हाय का न्हाय?"

"हाय."

"मग लाकडाला भ्यायचं काय कारन? आता ह्या कठड्याला हात लाव. तुझ्या मेंढरांच्या वाड्याला कुंपन हाय का न्हाय? तसंच हे. फकस्त आत तू हायस."

म्हातारीनं कठडा चाचपून बघितला. मल्लाप्पा खुर्चीवर बसला नाही. ते त्यानं जन्मात केलं नसतं. तो खुर्चीच्या शेजारी उभा राहिला, खिशातून घड्याळ काढल्यासारखं केलं, नाकाच्या शेंड्यावरून बघितलं आणि साहेबांसारखाच "हंऽऽ" असा खाकरला. मग खाली येऊन त्यानं नसलेला चष्मा नसलेल्या उपरण्यानं पुसला आणि एकदम दामूअण्णांच्या आवाजात गरजला, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

कोंडाबाई दचकली. आणि मग फिस्सकन हसली. पुढचे दोन दात नव्हते. पदरानं तोंड झाकून हसली.

"आता गाव सांग."

तिनं सांगितलं.

"मला ऐकू न्हाय आलं. मेंढरं लांब गेली तर अशी हाक मारतीस का?"

तिनं गावाचं नाव अशा आवाजात घेतलं की माझी लेखणी अडखळली. मल्लाप्पानं तिला मेंढरं किती, कुत्रं किती, नवरा कधी वारला, असलंच काहीबाही विचारलं. पाच-सात वेळा तिला पिंजऱ्यातून बाहेर काढलं, पुन्हा आत आणलं. शेवटी ती कठड्यावर हात ठेवून नीट उभी राहिली.

त्याच वेळी दारात दामूअण्णा उभे होते. त्यांनी किती पाहिलं कोण जाणे. ते काही बोलले नाहीत. नुसते हसले आणि निघून गेले. मल्लाप्पाचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा उतरलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

कोर्ट पुन्हा बसलं, तसे दामूअण्णा उठले. "साहेब, माझी तक्रार आहे. कोर्टाच्या पट्टेवाल्यानं कोर्टाच्याच खोलीत साक्षीदाराला पढवलं आहे. मी डोळ्यांनी पाहिलं."

पंखा ओढणाराही थांबला. हे खरं ठरलं असतं तर मल्लाप्पाची नोकरी गेली असती, म्हातारीची साक्ष फुकट गेली असती आणि सुभाना तुरुंगात गेला असता.

"मल्लाप्पा, खरं आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, शिकवलं हे खरं हाय."

"काय शिकवलंस?"

"उभं ऱ्हायला."

"त्या वेळी खोलीत आणखी कोण होतं?"

माझं नाव मल्लाप्पानं घेतलं नाही. त्यानं घेतलं असतं तर मला उठावंच लागलं असतं. त्यानं घेतलं नाही म्हणून ते माझ्यावर आलं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, मी होतो. खटल्याबद्दल एक शब्दही निघाला नाही. उलट त्यानं तिला आधीच बजावलं होतं."

"मग एवढा वेळ चाललं होतं काय?"

मी मल्लाप्पाकडे बघितलं. आता त्या नकलांचं काय सांगू?

साहेबांनी लेखणी ठेवली. "मल्लाप्पा, जे केलंस ते जसंच्या तसं करून दाखव."

"साहेब…"

"दाखव."

मल्लाप्पानं पट्टा सारखा केला. तो साहेबांच्या खुर्चीजवळ, पण हातभर अंतर राखून उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता हा काहीतरी सौम्य करून वेळ मारून नेईल. पण काम आलं की ते अर्धं करणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं घड्याळ काढलं. नाकाच्या शेंड्यावरून बघितलं. आणि हुबेहूब "हंऽऽ" केलं. मग तो खाली आला, चष्मा पुसला आणि दामूअण्णांच्या आवाजात गरजला, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

मागच्या बाकावरच्या कुणाला तरी हसू फुटलं. दामूअण्णा लाल झाले. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ त्यांनी रुमाल काढला नाही. काढला तेव्हा चेहरा पुन्हा मॅजिस्ट्रेटचा होता.

"वकीलसाहेब, यात पढवण्यासारखं मला काही दिसत नाही. पट्टेवाल्यानं पुन्हा असं करू नये. पुकार तिला."

मल्लाप्पा दारात गेला. इतका वेळ रोखलेला श्वास सोडला, नवा घेतला. "कोंडाबाई कोम बिरू…" अमक्याची बायको हे सांगायला कोर्टात 'कोम' म्हणायची रीत होती. पण त्या दिवशी त्यानं तो शब्द असा उच्चारला की जणू राजघराण्याचं नाव.

म्हातारी आली. कठड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि बोलली. मेंढी कधी अडली, कोकरू आडवं कसं आलं, पोरानं हात घालून ते कसं फिरवलं, पहिलं जगलं आणि दुसरं कसं दगावलं, सगळं बोलली. दामूअण्णांनी चष्मा पुसायला घेतला आणि मध्येच ठेवून दिला. साध्या आवाजात विचारलं, "मध्येच उठून तो त्या शेताकडं गेला नसेल कशावरून?"

"आवो, हात मेंढीच्या पोटात आस्ताना मानूस कुटं जातंय? तुमी जाल व्हय?"

राखणदाराच्या बाजूचे दोन साक्षीदार दुपारच्या वेळेवरून आधीच एकमेकांविरुद्ध बोलले होते. पुढच्या तारखेला सुभाना सुटला. निकाल ऐकल्यावर म्हातारी रडली नाही. तिनं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, मग त्याला बाजूला सारून व्हरांड्यात आली आणि काखेतलं नवं काळं घोंगडं मल्लाप्पापुढं धरलं.

मल्लाप्पा दोन पावलं मागं सरला. "न्हाय आजी. खटला संपला तरी मी कोर्टातला मानूस. घेता येत न्हाय."

"मग तुला देऊ तरी काय?"

तो जरा घुटमळला. मग लाजत म्हणाला, "माझा पुकारा कसा झाला तेवडं सांग."

म्हातारीनं विचार केला. ती उगीच बोलणारी बाई नव्हती. "हाक चांगली मारतोस. मेंढरं वळवाया ये."

असलं कौतुक त्याला नाटक मंडळीत मिळालं नव्हतं की कोर्टात मिळालं नव्हतं. नंतर कित्येक दिवस तो ते मला, टांगेवाल्यांना, चहावाल्याला सांगत होता. नीलव्वा "साकु" म्हणेपर्यंत.

पुढं आठ-नऊ वर्षांनी तो निवृत्त झाला आणि अक्कलकोटच्या पलीकडं, मुलीच्या गावी राहायला गेला. तिकडून आलेला एक पक्षकार मला म्हणाला, "मल्लाप्पा व्हय? संपल्यात जमा हाय. कुनाशी बोलत न्हाय. नुसता बसून असतोय." ते ऐकून मला जेवण गेलं नाही. उभा जन्म दारात उभं राहून काढलेला माणूस, आणि आता त्याच्यापुढं दारच नाही, असं काहीतरी मनात येत राहिलं. त्याला भेटायला जावं असं वाटे आणि जायची भीतीही वाटे.

योग आला तो जमिनीच्या एका पाहणीमुळं. आमची बैलगाडी त्या गावच्या शिवारातून चालली होती. हुरड्याचे दिवस. दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी, कणसं दाण्यानं भरलेली. गाडीवानाला मी मल्लाप्पाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "त्यो? राखनीला असतोय की दिवसभर. गावात आल्यावर बोलत न्हाय, कारन घसा राखतोय म्हनं."

इतक्यात मला मचाण दिसलं. ज्वारीच्या वर चार बांबूंवर उभं केलेलं. त्यावर मल्लाप्पा. डोक्याला फेटा, अंगात नुसती बंडी, दाढी पांढरी झालेली. त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. उजव्या अंगाला पाखरांचा मोठा थवा ज्वारीत उतरला होता. राखणदार पाखरांवर ओरडतात, डबे बडवतात. मल्लाप्पानं डबा घेतला नव्हता. त्यानं अंग ताठ केलं, उजवा हात सावकाश पुढं नेला आणि एकच लांबलचक कानडी हाक दिली. शब्द मला कळले नाहीत. ती शिवी नव्हती एवढं नक्की.

सगळा थवा एकदम उठला, आभाळात वळला, उन्हात पंख चमकले आणि मचाणावरून पलीकडं गेला. मल्लाप्पा हात जोडून उभा होता. पाखरं लिंबांच्या आड दिसेनाशी झाली, तेव्हा त्यानं हात सोडले आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

गाडीवानानं विचारलं, "थांबवू का?"

"नको," मी म्हणालो. "कामात आहे तो."

गाडी पुढं निघाली. मी मागं वळून बघत राहिलो. डाव्या अंगाला दुसरा थवा उतरत होता आणि मल्लाप्पा मचाणावर सावकाश त्या बाजूला वळत होता.